उपवासाची चक्कर

हे मी आधीच लिहायला हवं होतं. पण यात माझी फारशी शोभा नाही, म्हणून टाळत आलो. आजारावर लिहिणारे लोक आपण कसे झुंजलो ते सांगतात. मी काही झुंजलो नाही. मी एका नव्या औषधाच्या चाचणीत होतो, त्या औषधानं मला गुण आला, आणि त्याच औषधानं चक्कर यायला लागल्यावर मी ती जवळजवळ महिनाभर लपवली. का लपवली आणि पुढं काय झालं, एवढंच सांगायचं आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे, किंवा ज्यांना अशा चाचणीत येता का म्हणून विचारलं गेलं आहे, त्यांच्या कामी आलं तर बरं.

माझं नाव दत्तात्रय. गाव श्रीगोंदा तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. बी.एस्सी. केमिस्ट्री झालो आणि घरापासून सायकलच्या अंतरावर असलेल्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो. उसाचा रस तपासायचा, त्यात साखर किती ते मोजायचं, वहीत आकडा लिहायचा. माझा स्वभाव जरा किरकिरा आहे, बायको म्हणते तो जन्मजात आहे. लॅबला असाच माणूस लागतो, असं माझं म्हणणं.

तो माणूस

हंगामात कारखान्यात इतका गोंगाट असतो की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. सत्ताविसाव्या वर्षी त्या गोंगाटात मला एक माणूस ऐकू यायला लागला. "आला बघा. बाटली घेतली बघा. आता लिहील बघा." मी जे करीन ते तो सांगायचा, क्रिकेटची कॉमेंट्री सांगतात तसं. मला वाटायचं, शेडच्या पलीकडून कुणीतरी टिंगल करतंय. मार्चमध्ये हंगाम संपला, कारखाना बंद झाला. तो माणूस बंद झाला नाही.

मग मला खात्री पटली की माझ्या रसाच्या नमुन्यांत कुणीतरी पाणी मिसळतंय. कोण, कशासाठी, ते विचारू नका. खात्रीला कारण लागत नाही, तेव्हा तर मुळीच लागत नव्हतं. पुढच्या हंगामात मी नमुन्याच्या बाटल्या पिशवीतून घरी आणून पलंगाखाली ठेवायला लागलो. तीसेक बाटल्या झाल्या असतील. घरभर मुंग्या झाल्या तेव्हा माझी बायको मंगल पलंगाखाली वाकली, आणि तिथंच बसून राहिली.

ती मला नगरला घेऊन गेली. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण कंडक्टर अजून नगर-नगर म्हणूनच ओरडतो. आईही बरोबर आली. डॉक्टरांनी तासभर बोलून घेतलं. त्यांनी एकदाही मला खोटं पाडलं नाही, याचं मला नवल वाटलं. शेवटी त्यांनी कागदावर स्किझोफ्रेनिया असं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"म्हंजी येड लागलं का?" आईनं विचारलं.

"नाही आई. आजार आहे. बीपीचा असतो, थायरॉईडचा असतो, तसा हा मेंदूचा."

आईनं पदर तोंडाला लावला. मला काहीच वाटत नव्हतं, कारण तो माणूस डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्यावर काहीतरी बोलत होता आणि माझं लक्ष तिकडं होतं. बाहेर आल्यावर स्टँडवर मंगल म्हणाली, "नाव कळलं ना? आता औषधही कळेल." लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा. तिच्या माहेरच्यांनी तिला परत बोलावलं होतं, हे मला खूप वर्षांनी आईकडून समजलं. तिनं कधी सांगितलं नाही.

हात

औषध कळलं. एक नाही, चार वर्षांत पाच कळली. तो माणूस हळू बोलायला लागला, पण गेला नाही. बाटल्यांचं खूळ गेलं, हा मोठाच उपकार. मात्र गोळ्यांनी माझे हात थरथरायला लागले. तोंडातून लाळ यायची. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. लॅबमध्ये काचेच्या नळीनं थेंब मोजून सोडावे लागतात. माझ्या हातून ती नळी दोनदा फुटली, मग आमचे चीफ केमिस्ट मोरे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "दत्ताराव, काही दिवस गेटवर बसा."

त्या काही दिवसांची पाच वर्षं झाली. गेटवर ट्रॅक्टरचे नंबर लिहायचे. त्यातही माझं अक्षर मुंगीएवढं झालेलं, हिशेबनीस रोज ओरडायचा. आमची मुलगी ईश्वरी शाळेत वडिलांचा धंदा लिहिताना केमिस्ट लिहायची. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

कुणी विचारलं की मी बरं चाललंय म्हणायचो. आमच्याकडं दुखणं अंगावर काढायचीच पद्धत आहे. डॉक्टरनं कसं काय विचारलं की आम्ही म्हणतो, "बरंय साहेब." एवढा शिकलेला माणूस, एवढ्या गर्दीत आपल्यासाठी वेळ काढतो, त्याच्यापुढं रडगाणं काय गायचं? तक्रार केली तर त्याच्या औषधाला नावं ठेवल्यासारखं होतं.

कॅमेऱ्यासमोर

मागल्याच्या मागल्या वर्षी मे महिन्यात डॉक्टरांनी चाचणीचं विचारलं. नवी गोळी होती. आवाजांवर ती काम करते, हे आधीच्या टप्प्यात बऱ्यापैकी दिसलं होतं. आता वर्षभर घेतली तर बाकीच्या शरीराला काय होतं, सोसते की नाही, हे बघायचं होतं. आमच्या गटात सगळ्यांना तीच गोळी मिळणार होती. घरातलं एक माणूस बरोबर लागणार होतं, तेही सही करणार. ते माणूस म्हणजे मंगल.

संमती कॅमेऱ्यासमोर घेतात. आम्हाला खुर्चीवर बसवलं, सगळा कागद मराठीत वाचून दाखवला, आणि मग मला माझ्या शब्दांत सांगायला लावलं. मी शाळकरी पोरासारखं सांगितलं. कधीही नाही म्हणता येतं. नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत. गोळी सकाळी पोटभर जेवणानंतर घ्यायची. चक्कर आली, छातीत धडधडलं, शुद्ध गेली, तर लगेच फोन करायचा.

मंगलनं मध्येच विचारलं, "म्हणजे आमच्यावर करून बघणार का तुम्ही?"

डॉक्टर हसले नाहीत. "हो, बघणार. पण डोळे उघडे ठेवून. आणि ताई, आम्हाला यांच्या तक्रारी हव्यात. गुण आला हे ऐकायला आवडेलच, पण त्यासाठी ही चाचणी नाही. काय बिघडतं ते कळण्यासाठी आहे."

चाचणीचं रोजचं काम बघायला नाझिया मॅडम होत्या. नगरच्याच, पंचविशीतल्या, बोलायला गोड पण कागदाच्या बाबतीत माझ्याहून किरकिऱ्या. त्यांनी एक डायरी दिली. रोज एक ओळ. गोळी किती वाजता घेतली, काय खाल्लं, काही त्रास झाला का. खाली माझी सही, शेजारी मंगलची. दर चार आठवड्यांनी वजन, रक्त, छातीची पट्टी म्हणजे ईसीजी, आणि डायरी.

चांगले महिने

आषाढ लागला तेव्हाची गोष्ट. दुपारी जेवून पडलो होतो. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, काय ते समजेना. पंख्याचा आवाज येत होता, बाहेर शेळी ओरडत होती. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की तो माणूस बोलत नाहीये. मी मंगलला हाक मारली. तिला वाटलं काही झालं, ती पिठाच्या हातानंच धावत आली. "गप्प आहे," मी म्हणालो. ती माझ्या शेजारी बसली आणि आम्ही दोघं नुसता पंखा ऐकत बसलो.

जुन्या गोळ्या बंद झाल्यानं हातही थरथरायचे थांबले. काठोकाठ भरलेला चहा मी बशीत न सांडता प्यायलो, तर आई म्हणाली, "कपाला डोळा लावून बसू नगं, पी." तिच्या सुईत दोरा ओवून दिला. ईश्वरीच्या वहीला कव्हर घालून दिलं. असल्या बारीकसारीक गोष्टींनी मी दिवसभर खूश असायचो, आणि घरातले सगळे माझ्याकडं चोरून बघायचे.

श्रावणात मोरे साहेबांनी लॅबमध्ये बोलावलं. नळी हातात दिली, पाणी घेऊन थेंब सोडायला सांगितलं. मी वीस थेंब सोडले. मोरे साहेब म्हणाले, "या हंगामाला तुमच्या टेबलावर या." मला तिथंच रडू आलं. त्यांनी खिडकीकडं तोंड केलं, सज्जन माणूस.

नवस

नवस आईनं बोलायचा आणि फेडायचा मी, ही आमच्या घरची जुनी रीत आहे. दहावीला पास झालो तेव्हाही माझ्याच डोक्यावरचे केस गेले होते. आता आई म्हणाली, "देवीला बोलले हुते मी. दत्त्याच्या कानातलं मानूस गप झालं तर त्यो नवरात्राचे नऊ दिस उपास करील, पायात वहान घालनार न्हाई."

"उठता-बसता केला तर चालेल का?" मंगलनं विचारलं. उठता-बसता म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस.

"देवीनं काय उठता-बसता गुन दिला का?"

मलाही वाटलं, करावा. ज्या गोळीनं गुण आला तिचे आभार मानायला जागा नव्हती, देवीला होती.

पोटभर जेवणानंतर गोळी, हे मला माहीत होतं. उपवासाला जेवण कसलं? सकाळी मूठभर साबुदाणा, कधी रताळं, कधी राजगिऱ्याचा लाडू. त्यावर गोळी घ्यायचो. नाझिया मॅडमना फोन करून विचारता आलं असतं. पण त्या नको म्हणाल्या असत्या, मग आईशी कोण भांडणार?

दुसऱ्या माळेला देवळाच्या पायरीवरून उठताना डोळ्यांपुढं अंधार आला. खांब धरला, अंधारी गेली. चौथ्या माळेला परत. पाचव्या माळेला न्हाणीत मी पडलो. किती वेळ पडलो होतो ते माहीत नाही. मंगलनं उचललं तेव्हा छाती अशी उडत होती की ती तिला बाहेरून दिसली.

आईनं लिंबू-सरबत केलं. "उपासाची चक्कर हाय. सवय न्हाई त्याला," ती म्हणाली. मंगल माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. दोघांनाही तो कागद आठवत होता. पण उपवास हे कारण इतकं आयतं हाताशी होतं की ते आम्ही दोघांनी घट्ट धरलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते की नाही कधीकधी? तसंच हे, असं मी स्वतःला सांगितलं.

दसऱ्याला उपवास सुटला. पुरणपोळी खाल्ली. त्याच दिवशी कारखान्याचा बॉयलर पेटला, मी नवा शर्ट घालून पूजेला गेलो. मोरे साहेबांनी सगळ्यांसमोर पेढा दिला. परत येताना सायकलवरून उतरलो आणि पुन्हा तसाच अंधार आला. कुंपणाच्या तारेला धरून उभा राहिलो. पोट भरलेलं होतं. आता कारण उरलं नव्हतं.

मी मंगलला सांगितलं. स्वयंपाकघरात ती पोळ्या लाटत होती.

"फोन करायचा का?" मी विचारलं.

ती लाटत राहिली. मग म्हणाली, "गोळी बंद करतील."

"करतील."

"मला माझा माणूस नऊ वर्षांनी परत मिळालाय. मी नाही करणार फोन. तुम्हाला करायचा असेल तर करा." मी इतक्या वर्षांत तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. मीही फोन केला नाही. मला लॅब हवी होती. उगीच तिच्यावर ढकलत नाही, मला तिच्याहून जास्त हवी होती.

डायरी

पुढचे दोन आठवडे रोज कधी ना कधी अंधारी आली. सायकल सोडली. बसल्यावर एकदम उठायचं नाही, हे शिकलो. छाती धडधडली की खोकल्याचं नाटक करायचो. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी डायरी काढली तर चार आठवडे कोरे. मागच्या तपासणीपासून हातच लावला नव्हता. मंगल पेन घेऊन बसली, मी सांगत गेलो. त्रास नाही. त्रास नाही. त्रास नाही. अठ्ठावीस वेळा. सह्या केल्या. शाळेतली हजेरी, ग्रामपंचायतीतलं रजिस्टर, सगळीकडं अशीच एका बैठकीत भरतात, त्यात काय एवढं, असं मी म्हटलं. लॅबच्या वहीत कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा कापला असता.

बाकावर

दवाखान्यात आमच्या आधी एक बाई बसल्या होत्या. चाळिशीच्या, नेवासा तालुक्यातल्या. रंभाताई. आधीच्या खेपांना ओळख झाली होती, त्यांच्याबरोबर त्यांचा भाऊ यायचा. त्यांना दोन बाया ऐकू यायच्या, भांडणाऱ्या. तीच गोळी, आणि माझ्यासारखाच गुण.

भाऊ चहा आणायला गेला आणि त्या माझ्याकडं सरकल्या.

"भाऊ, एक इचारू का? तुमाला भोवळ येती का वो?"

"का?"

"मला नवरात्रापून येतीया. घट बसले तवापून. भाऊ म्हनतो, नऊ दिस उपास धरलास, अशक्तपना हाय. पन उपास सुटून पंधरा दिस झाले. इहिरीत मोटार हाय आमची, चालू करायला मलाच पायऱ्या उतरून जावं लागतं. परवा खालच्या पायरीव बसले तशीच, उठताच येईना. म्हनलं, गोळीचं असलं तर तुमालाबी हुईल. तुमाला येती का?"

मंगल माझ्या शेजारी होती. तिनं डायरीची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"नाही ताई," मी म्हणालो. "मला काही नाही."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मंग उपासच असंल. बरं झालं इचारलं. मी काय सांगत न्हाई मंग आत. उगी गोळी बंद करायचे."

मला आत बोलावलं.

एक आडवी रेघ

नाझिया मॅडमनी डायरी उघडली. पानं उलटली. अठ्ठावीस दिवस, एकच शाई, एकच घाई. त्यांना कळलंच असणार. त्या एवढंच म्हणाल्या, "नवरात्रात उपवास होता का भाऊ?"

मी हो म्हणालो. आणि मला त्या विहिरीच्या पायऱ्या दिसायला लागल्या. तिथं उतरणारी बाई दिसायला लागली, माझ्या नाहीवर विश्वास ठेवून. ती आता बाहेर बसून काहीच सांगणार नव्हती. तिची डायरीही माझ्यासारखीच असणार. आम्ही दोघांनी नाही म्हटलं, अजून दहा जणांनी उपवासावर ढकललं, तर ही गोळी चांगली म्हणून बाजारात जाईल. मग कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी जिन्यावर कुणीतरी पडेल, आणि त्याच्या घरचे म्हणतील, अशक्तपणा असेल.

"डायरी इकडं द्या," मी म्हणालो.

लॅबमध्ये चुकलेला आकडा खोडायचा नसतो. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरा आकडा आणि सही. मी दुसऱ्या माळेच्या ओळीवर रेघ मारली, चक्कर असं लिहिलं, सही केली, त्या दिवसाची तारीख टाकली. मग चौथी. मंगलनं माझं मनगट धरलं. "अहो." एवढंच. मी थांबलो. तिनं बराच वेळ धरून ठेवलं आणि मग सोडलं.

"पाचव्या माळेला न्हाणीत पडले होते," ती नाझिया मॅडमना म्हणाली. "शुद्ध नव्हती. मीच लिहिलं त्रास नाही म्हणून." आणि ती रडायला लागली.

नाझिया मॅडम आम्हाला एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांना फोन केला, मला तिथल्या तिथं आडवं व्हायला लावलं.

"मॅडम, बाहेर रंभाताई आहेत," मी म्हणालो. "त्यांनी मला विचारलं होतं. मी त्यांना खोटं सांगितलं."

"दुसऱ्या पेशंटबद्दल मला तुमच्याशी बोलता येत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. पण लगेच उठून बाहेर गेल्या.

चार दिवस

छातीची पट्टी काढली आणि मला चाकाच्या खुर्चीतून वर नेलं. हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडला होता, गोळीमुळं. उपवासानं त्यात भर घातली असेल, नसेल. गोळी त्याच क्षणी बंद. अशी गोष्ट त्याच दिवशी वर कळवावी लागते, डॉक्टरांनी ती माझ्यासमोर बसून लिहिली.

मी चार दिवस वॉर्डात होतो. छातीला वायरी, डोक्यावर टीक-टीक करणारं यंत्र. पहाटे पाचला रक्त, सातला चहा, नऊला राउंड, अकराला फरशी पुसणाऱ्या मावशी. त्या रोज विचारायच्या, "आज पट्टी सरळ आली का?" मला भीती होती, पण हृदयाची नव्हती. मी कान देऊन पडून होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. लांबून, हळू. "आडवा पडलाय बघा." मी तोंड भिंतीकडं केलं. मंगलनं विचारलं, "आला का?" मी मान हलवली. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत काढला नाही.

आई चौथ्या दिवशी आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की उपवासानं झालं. ती देवीशी भांडून आली होती. मी तिला गोळीचं सगळं समजावलं. ती म्हणाली, "मंग मी उगाच बोलले तिला," आणि परत जाताना वाटेत देवळात उतरली.

जुनं औषध थोड्या कमी प्रमाणात सुरू झालं. हात पुन्हा थरथरतात. मोरे साहेबांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी टेबल रिकामं ठेवतो म्हटलं, मी नको म्हणालो. आता गेटवर असतो. अक्षर मात्र मोठं काढतो, मुद्दाम. डॉक्टर म्हणाले, ती गोळी आता बाकीच्यांना कमी डोसमध्ये देतायत आणि दर आठवड्याला छातीची पट्टी काढून बघतायत. कुणालातरी लाभेल. मला परत घेता येणार नाही. याचं वाईट वाटतं, आणि ते वाटतंच राहील, असं दिसतंय.

कुणी मला चाचणीत जाऊ का विचारलं तर मी जा म्हणतो. मनानं गोळी बंद करू नका, मनानं चालूही ठेवू नका. आणि डायरी रोजची रोज भरा.

परत बाकावर

गोळी बंद झाल्यावरही चाचणीवाले तपासायला बोलावतात. पुढच्या महिन्यात गेलो तर रंभाताई बसल्या होत्या. त्यांचीही पट्टी त्याच दिवशी काढली होती, त्यांचीही गोळी त्याच दिवशी गेली होती. त्यांनी हातात कप धरला होता आणि तो बशीवर वाजत होता. मी समोर उभा राहिलो. बसू का, विचारायची हिंमत होईना.

"बसा," त्या म्हणाल्या.

बसलो.

"माझ्या बाया आल्यात परत," त्या म्हणाल्या. "भांडत्यात. तुमचं मानूस?"

"आलाय. दुपारी बोलतो."

"चार महिने लई चांगले गेले माझे. नातवाला मांडीव घेऊन बसायचे."

"माझेही चांगले गेले, ताई."

"गोळी गेली त्याचा राग न्हाई. भाऊ म्हनला, इहिरीत गेली असतीस. खरं हाय त्ये." त्यांनी कप खाली ठेवला. "पन मी तुमाला इचारलं हुतं. तोंडाव इचारलं हुतं. तुमी न्हाई म्हनला."

"चुकलं माझं."

"तुमच्याइतकं कुनाला ठावं हुतं? डागतरला न्हवतं, माझ्या भावाला न्हवतं. म्हनून तुमाला इचारलं."

मंगल पलीकडं बघत होती. रंभाताईंनी पदरानं हात पुसले आणि माझ्याकडं वळल्या.

"आता येती का भोवळ?"

"नाही," मी म्हणालो.

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"खरंच नाही, ताई."

मग त्यांनी मंगलला विचारलं, "खरं हाय का वो?"